एक दिवस नुसतं बसायला

मुंबईला उगाच कुणी जात नसे. आमच्या कामथडीतून मुंबई गाठायची तर काहीतरी कारण लागायचं. गिरणीत नाहीतर गोदीत कामाला लागायचं असायचं, पोटातली गाठ मोठ्या दवाखान्यात दाखवायची असायची, नाहीतर भावकीत भांडून तोंड चुकवायचं असायचं. त्यामुळे आमच्या घरची माणसं मुंबई नुसती बघायला निघालीत, ही गोष्ट गावाच्या गळी उतरेना. जो तो आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पारावर गाठून हळूच विचारायचा, "आजारी कोन हाय?" आबांनी थोडे दिवस खरं सांगून पाहिलं. मग वैतागून त्यांनी गुडघा दाखवायचा आहे असं ठोकून दिलं. त्याचा परिणाम असा झाला, की घरी निरगुडीचा पाला आणि कसलीकसली तेलं येऊन पडू लागली, आणि आबांना पारापर्यंत लंगडत जावं लागलं. कधी उजवा पाय, कधी डावा. कोणता दुखतो हे त्यांच्या लक्षात राहत नसे, आणि आई दारातून हसू दाबत त्यांना खुणेनं सांगायची.

हे खूळ मामानं आणलं. मामा आईचा धाकटा भाऊ, मुंबईला गोदीत कामाला होता. इतकी वर्षं तो गावच्या माणसांबरोबर एका गाळ्यात दाटीवाटीनं राहत होता, आणि त्या साली त्याला स्वतःची खोली मिळाली होती. शिमग्याला आमच्याकडे आला तेव्हा तो त्या खोलीच्या आनंदात इतका बुडालेला होता, की पुरणपोळी खातानाही तिच्या खिडकीबद्दल बोलत होता. पावसाळ्याआधी तो मामीला आणि पोरांना तिकडं नेणार होता. तोवर खोली रिकामी. तो आईला म्हणाला, "आक्का, आत्ताच या. एकदा बिऱ्हाड आलं की पाय ठेवाया जागा ऱ्हानार न्हाई. चांगलं आठ दिस ऱ्हावा. धावपळ करायची न्हाई. सावकाश बघायचं, दमलं की खोलीवर येऊन पडायचं." आईनं त्याला न विचारता आणखी एक पोळी वाढली, तेव्हाच मी ओळखलं की हे काम जमणार.

मामानं जाण्याआधी ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर कोळशानं मुंबई काढून दाखवली. लांबोडकी, खाली निमुळती होत गेलेली, तिन्ही अंगांनी पाणी. इथं आगगाडी थांबते, इथं माझी खोली, इथं राणीचा बाग, इथं बोटी सुटतात ते पालवा बंदर, आणि ही चौपाटी. मामा परत गेला तरी ती मुंबई तशीच राहिली. आई दर चार दिवसांनी जमीन सारवायची, पण तेवढा तुकडा सोडून. आत्ता विचार करते तर हसू येतं. आमच्या घरात पुढं बरेच दिवस मुंबईला वळसा घालून ताट मांडलं जायचं.

संध्याकाळी जेवणं झाली की आबा त्या मुंबईपाशी बसायचे आणि बेत करायचे. बेत करायला हातात मूठभर हरभरे घ्यायचे आणि जिथं जायचं तिथं एकेक ठेवायचे. आबांचा स्वभाव पहिल्यापासून घायकुतीचा. पेरणी असो की लग्न, लवकर उरकलं की त्यांना बरं वाटायचं. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सगळी मुंबई एका दिवसात बसवली. सकाळी मुंबादेवी, तिथनं महालक्ष्मी, मग वाळकेश्वर, वाटेत राणीचा बाग, आणि उरलेले दिवस मामाच्या खोलीवर आराम. मी म्हणायची, आबा, वाघ बघायला वेळ लागतो, तो झोपलेला असला तर उठेपर्यंत थांबावं लागेल. त्यावर ते म्हणायचे, झोपलेलाच बघायचा, वाघ तो वाघ. आमची रोज भांडणं व्हायची. मी एक हरभरा पुढं सरकवायची, ते मागं घ्यायचे. मला ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसायचं होतं. मामा सांगायचा ते विजेनं वर जाणारं, दार लावलं की माणसाला गिळणारं खोकं बघायचं होतं. बोगद्यातून जाताना डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे याचाही मी विचार करून ठेवला होता. त्या दिवसांत माझं अंग एका जागी ठरत नव्हतं. पाण्याला गेले तर कळशी भरून सांडून परत भरायची. सडकेवरून साताऱ्याकडनं मोटार आली की हातातलं काम टाकून बांधावर पळायची आणि ती धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची.

या सगळ्या बेतात आईनं एकच गोष्ट मागितली. ती चुलीपुढं भाकरी थापत होती, आणि तिनं मागं न बघता सांगितलं, "एक दिस नुसतं बसायला ठेवा. समिंद्राच्या कडंला. कुठं जायचं न्हाई, काय बघायचं न्हाई." आबांना हे अजिबात समजलं नाही. ते म्हणाले, "बसाया मुंबईला कशाला जायचं? हितं ओटा हाय की." आई भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "हितं बसले तर बसू देतंय कोन?" यावर आबांनी चौपाटीवर एक हरभरा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो घाईत उचलून महालक्ष्मीला नेला, तर आईनं येता जाता तो पायाच्या अंगठ्यानं सरकवून परत चौपाटीवर आणला.  असं बरेच दिवस चाललं.

परवा माझ्या सुनेनं उत्तरेकडच्या सहलीचं छापील पत्रक घरी आणलं. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय बघायचं, सगळं त्यात ठरवून दिलेलं. मी चष्मा लावून नीट वाचलं आणि विचारलं, यात बसायचं कधी? ती म्हणाली, गाडीत.  मीही आबांचीच लेक, मला तरी कुठं बसता येतं.

आमच्या सगळ्या बेताला आडवी आली ती चंद्री. चंद्री आमची म्हैस, कपाळावर पांढरा टिकला असलेली. मागच्या वेतात तिचं रेडकू चार दिवसांतच गेलं, आणि रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरते. आईनं त्या वेळी तिच्याजवळ बसून, पाठ खाजवून, कासेवरून ऊन पाण्याचा हात फिरवून तिला कसंबसं वळवलं होतं. तेव्हापासून चंद्री आईच्या हाताशिवाय धार देत नसे. आईला ताप आला तरी गोठ्यात जावं लागे. एक वेळ धार चुकली की कास दगडासारखी व्हायची, आणि चार दिवस चुकली तर म्हैस आटूनच जायची. घरचं ताकतूप, आणि नसरापूरच्या चहावाल्याला जाणारं दूध, सगळं तिच्यावर. तिला सोडून आठ दिवस जायचं म्हणजे तिला दुसऱ्या कुणाचा तरी हात लावायला हवा होता.

त्यासाठी आत्याला बोलावलं. आत्या आबांची थोरली बहीण, वेल्ह्याकडं डोंगरात दिलेली, अंगापिंडानं खंबीर आणि बोलायला फटकळ. घर राखायला ती येणारच होती, ती थोडी आधी आली. येताना दोन गोष्टी घेऊन आली, शेलका आंबेमोहोर तांदूळ आणि माझ्यासाठी एक स्थळ. तिच्या सासरच्या खोऱ्यातलंच होतं. घर चांगलं होतं, भात होतं, माणसं स्वभावानं गरीब होती, पण तिथून सडक दिसायची नाही. पावसाळ्यात ओढे चढले की चार महिने इकडची माणसं तिकडं जात नसत. आबांना स्थळ पसंत पडलं, कारण त्यात उरकण्यासारखं बरंच होतं. येत्या वैशाखात करून टाकू म्हणाले. आई नुसतं व्हय म्हणाली. मी ऐकलं आणि ओसरीवरच्या मुंबईकडं बघत बसले. जे काही बघायचं ते वैशाखाच्या आत, एवढं माझ्या डोक्यात शिरलं, आणि त्यानंतर माझा जीव आणखीच वर-खाली होऊ लागला.

आत्यानं हयातभर म्हशी पिळलेल्या होत्या. ती बाह्या सरसावून गेली आणि रिकामी चरवी घेऊन परत आली. म्हणाली, असलं हट्टी जनावर आमच्या खोऱ्यात एक दिवस टिकलं नसतं. मग तिनंच तोडगा सांगितला. आईचं अंगावरचं लुगडं नेसून बसायचं, म्हशीला वासानं बाई तीच वाटते. हे ऐकून आबा म्हणाले, मग मीच बसतो, म्हणजे तुम्ही तिघीजणी मुंबईला जा. हा मोठेपणा त्यांना कुठून सुचला कोण जाणे, पण सकाळी उजाडायच्या वेळेला त्यांनी खरोखर धोतरावर आईचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरनं पदर घेतला आणि चरवी घेऊन बसले. चंद्रीनं मान वळवून त्यांच्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं, देते आता. तिनं सावकाश पाय उचलला आणि चरवीत ठेवला. आत्या गोठ्याच्या मेढीला धरून खाली बसली, हसून हसून तिला उठता येईना. तेवढ्यात शेजारचा गडी आंबोणासाठी पेंड मागायला आला, आणि दुपारपर्यंत गावात आबांच्या गुडघ्याची चौकशी बंद झाली. त्यांना वेगळंच दुखणं असावं असं लोकांनी ठरवलं.

मग मी बसले. त्या संध्याकाळी आई नदीवरनं येऊन लुगडं बदलत होती, तिनं सोडलेलं तेच मी उचललं आणि नेसले. धुराचा, शेणाचा, तिच्या घामाचा असा वास त्याला होता. मी चंद्रीच्या कुशीला डोकं टेकलं, आई करते तसं हं हं करत राहिले, आणि थोड्या वेळानं सड एकदम भरून आले. चरवीत धार वाजली तो आवाज मला अजून आठवतो. मी ओरडले नाही, म्हैस बिथरली असती. चरवी फेसानं भरून ओसरीवर आणून ठेवली. आबांनी आनंदानं माझ्या पाठीत थाप मारली आणि ते आईला म्हणाले, "सुटलो. आता ही हौसा आन हिची आत्या घरी ऱ्हातील, आपुन दोघं जाऊन येऊ."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. ज्याचा हात म्हशीला लागेल तो मागं राहणार, इतकी सरळ गोष्ट मला दूध काढून होईपर्यंत कळली नाही. मी गवताच्या गंजीमागं गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. तो पदर आईच्याच लुगड्याचा होता. मला मुंबई पाहिजे होती, आणि आईलाही पाहिजे होती, आणि आईची पाळी आधी आहे हे मला कळत होतं. माझ्या जन्माआधीपासून ती भोर आणि नसरापूरच्या बाजारापलीकडं कुठं गेलेली नव्हती. तरी माझं रडू थांबेना. आई गवत काढायला गंजीशी आली, मला पाहिलं, गवताचा भारा घेतला आणि गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपणहून तेच लुगडं आणून माझ्या हातात दिलं. म्हणाली, हे नेस. मी नेसले, गेले, तसंच डोकं टेकलं, तसंच हं हं केलं. चंद्रीनं माझा खांदा हुंगला, नाकानं जोरात फुर्र केलं आणि बाजूला सरली. सडांना हात लावू देईना. संध्याकाळी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं लाथ झाडली, माझी नडगी सोलून निघाली. आत्यानं लिंबाचा पाला वाटून लावला आणि म्हणाली, एकदा दिलं ते चुकून दिलं, ह्या पोरीचा हात लागायचा न्हाई. आबा चिडले, चंद्रीवर, माझ्यावर, मामावर, गुडघ्यावर. कुणीच जायचं नाही म्हणाले. तेव्हा आई चुलीपुढून उठली आणि ओसरीवर आली. "मी ऱ्हाते," ती म्हणाली. "तुमी तिला घेऊन जावा. पुढं तिला कोन नेनार हाय?" इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की आबांना भांडायला जागाच उरली नाही. मला किती आनंद झाला ते मी लिहून दाखवू शकत नाही. दुखरी नडगी घेऊन मी अंगणात फिरले.

जाण्याच्या दिवशी आईनं दुधात पीठ मळून दशम्या केल्या, तिळाची चटणी केली, आणि फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. सडकेपर्यंत आली. पुण्याची मोटार दिसली तेव्हा तिनं माझी वेणी घट्ट केली, जी अगोदरच घट्ट होती, आणि कानाशी म्हणाली, "त्यो बसायचा दिस मोडू देऊ नको. माज्या वाटचं तू बस." मी मान हलवली. मोटारीत चढायच्या घाईत त्या वेळी मी कशालाही मान हलवली असती.

मुंबईचं मी इथं फार लिहीत नाही, तिचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे. वाघ जागा होता. ट्रामच्या वरच्या मजल्यावर मी आबांचा हात सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसले. बोगद्यात डोळे उघडे ठेवले आणि त्यात कोळशाची कच गेली. रोज सकाळी उठलं की पाय नुसते दाराकडं धावायचे. आबांनी देवळं दोन दिवसांत उरकली आणि पुढं त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून ते मामाबरोबर गोदीवर जाऊन कामं बघू लागले. शेवटच्या दिवशी मामानं पालव्याला बोटीतून फिरवायचं ठरवलं. बोट. समुद्रात. मी रात्रीच परकर घडी करून उशाखाली ठेवला होता. सकाळी मला आठवलं की बसायचा दिवस अजून झालेला नाही आणि आता दुसरा दिवस उरला नाही. मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, तिला काय कळतंय, सांग बसले म्हणून. मामा मात्र माझ्याकडं बघत राहिला. त्यानं आबांना बोटीवर धाडलं, मला चौपाटीवर आणून एका भिंतीच्या सावलीत बसवलं, आणि पलीकडच्या झाडाखाली आपल्या ओळखीच्या माणसाजवळ जाऊन पाठ करून आडवा झाला.

तो दिवस मला खायला उठला. लाटा येत होत्या आणि जात होत्या, आणि त्यात बघण्यासारखं होतं ते लगेच संपलं. लांब एक बोट दिसली की मला वाटायचं, हीच ती. मी दोनदा उठले आणि पुन्हा बसले. वाळूत खड्डे केले, बुजवले. आई इथं काय करणार होती, याचा मला राग आला. असला दिवस कुणी मागून घेतं का, असंही मनात आलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भूक लागली म्हणून दशम्यांची उरलेली पुरचुंडी सोडली. दशम्या वाळून कडक झाल्या होत्या. फडकं आईच्या जुन्या लुगड्याचा पदर होता, न धुतलेला. त्याला धूर, शेण आणि तिचा घाम यांचा वास होता, आणि तो मुंबईत इतक्या दिवसांनीही गेलेला नव्हता. मी ते फडकं नाकाशी धरून बसले, आणि मग मला आठवलं. चंद्रीपाशी बसायला त्या सकाळी आईनं दिलेल्या लुगड्याला हा वास नव्हता. ते कोरडं, कडक होतं, आणि त्याला रिठ्याचा वास येत होता. आदल्या रात्री मी ते सोडून निजल्यावर तिनं ते धुऊन टाकलं होतं. दोन्ही दिवस तिनं मला धुतलेलंच दिलं होतं. चंद्रीला ते ओळखू येणार नाही, हे आईइतकं कुणाला माहीत असणार.

त्यानंतर मी उठले नाही. रडले, ते वाऱ्यानं वाळलं. ऊन उतरलं, लोक फिरायला आले, पोरं पाण्यात खेळू लागली. माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं. मामा संध्याकाळी न्यायला आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, अजून थोडं थांबू.

घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. आबा ओसरीवर आत्याला मुंबई सांगू लागले, सगळी, घाईघाईनं. मी सरळ गोठ्यात गेले. आई धार काढत होती. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. तिनं वाघाचं विचारलं नाही, ट्रामचं विचारलं नाही.

"बसलीस का?" ती म्हणाली.

"बसले."

"दिसभर?"

"दिसभर."

चरवीत धार वाजत राहिली. मग ती म्हणाली, "कसं वाटलं?"

लुगड्याचं बोलायचं मी वाटभर ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि ते आलं नाही. "सकाळी लई जीव खाल्ला," मी म्हटलं. "मग दुपारनं बरं वाटलं. कुनी हाक मारली न्हाई."

आईचे हात थांबले. चंद्रीनं मान वळवून पाहिलं.

"कुनीच न्हाई?"

"कुनीच न्हाई, आई."

 मग तिनं चरवी बाजूला सरकवली आणि पाठ भिंतीला टेकली. ओसरीवरून आबांची हाक आली, पाणी मागत होते. मी सवयीनं उठायला लागले. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली दाबलं.

आबांनी पुन्हा हाक मारली.

"बस जरा," आई म्हणाली.